सायकलस्वाराला मोटारीची धडक बसली तर भरपाई कशी मिळवावी?



आज पिकाविषयी नाही, पीक पिकवणाऱ्याच्या हातापायांविषयी बोलायचं आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात पहाटे दूध घालायला, द्राक्षबागेत छाटणीला, कांदा निवडायला सायकलवरून जाणारे पुष्कळ आहेत. त्याच रस्त्यांवरून ट्रक, पिकअप आणि ट्रॅक्टरही धावतात.

मागच्या छाटणीच्या वेळी निफाड तालुक्यात एका बागेची पाहणी करायला गेलो होतो. मालक ओट्यावर पाय लांब करून बसलेले. दुधाचे कॅन घेऊन जाताना मागून पिकअपने उडवलं होतं, मांडीचं हाड मोडलं होतं. पिकअपवाल्याने चार हजार रुपये हातावर ठेवले. "दादा, पोलिसात नको, आपसात मिटवू," म्हणाला. यांनी मिटवलं. गाडीचा नंबर कोणी लिहिला नाही. दवाखान्यात विचारलं तेव्हा "सायकलवरून पडलो" असं सांगितलं. पुढे पायात सळई घालावी लागली, एक म्हैस विकावी लागली. "साहेब, आता काही होईल का?" असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा आठ महिने झाले होते आणि हातात एकही कागद नव्हता. मला धड उत्तर देता आलं नाही.

बंधूंनो, इथे एक गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, बिचारा गरीब ड्रायव्हर, त्याला कशाला कोर्टात खेचा? पण रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक मोटारीचा दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनीने द्यायची असते. सायकलस्वाराने स्वतः विमा उतरवलेला असण्याची काहीच गरज नाही. म्हणजे रस्त्यावर मिटवून आपण ड्रायव्हरचे नव्हे, विमा कंपनीचे पैसे वाचवतो.

अपघात झाल्यावर काय करावे?

१. गाडीचा नंबर लिहून घ्या, नाहीतर फोटो काढा. पाहणाऱ्या दोघांची नावे घ्या. जखमीला पोचवणाऱ्या माणसावर नाव सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच घातले आहे. तेव्हा मदतीला भिऊ नका.

२. १०८ किंवा ११२ ला फोन करा. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत, नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. दाखल होतानाच त्याची चौकशी करा.

३. डॉक्टरांना खरे तेच सांगा: "अमुक गाडीने धडक दिली." पहिल्या केसपेपरवर जे लिहिले जाते, तेच पुढे पुरावा ठरते.

४. पोलिसात फिर्याद द्या. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. पंचनाम्याची प्रतही मिळवा. मोडलेली सायकल पंचनामा होईपर्यंत भंगारात देऊ नका.

आता दाव्याचे. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. अपघात कुठेही झालेला असो, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणाकडे तो करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, म्हणून मुदत टळली तरी स्वतःच निकाल लावून घरी बसू नका, आधी विचारा. मात्र वेळेत अर्ज करणे केव्हाही शहाणपणाचे.

चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच. पण ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. सही करण्यापूर्वी वकिलाला विचारा.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. अपघात ज्या तालुक्यात झाला, तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करा.

शेतकऱ्याच्या दाव्यात एक अडचण हमखास येते. समोरचा वकील म्हणतो, "जमीन तर जागेवरच आहे, मग नुकसान कसले?" याचे उत्तर कागदावर हवे. सातबारा, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, डेअरीच्या पावत्या जपून ठेवा. आपण पडलो म्हणून छाटणीला, फवारणीला, धारा काढायला किती मजूर लावले आणि किती मजुरी दिली, ते तारखेनिशी वहीत लिहा. औषधांची बिले व जाण्यायेण्याचा खर्चही त्याच वहीत.

अपंगत्वाचा दाखला घ्या, पण नुसत्या टक्क्यांवर समाधान मानू नका. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान एकच नव्हे. हात गेलेल्या सुताराची जवळजवळ सगळी कमाई बुडते, तेवढी कारकुनाची बुडत नाही. पाय अधू झाला तर बागेतले कोणते काम थांबले, ते न्यायाधिकरणाला नीट सांगा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याची विधी सेवा समिती गाठा. स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना वर्षाचे उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मिळतो. फोन १५१००. भरपाईत हिस्सा मागणाऱ्या वकिलापासून दूर राहा. तशी फी त्यांच्या नियमांतच बसत नाही.

याखेरीज आमच्या खात्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावा.

शेवटी, सायकलच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा लावा. अंधारात बिनदिव्याची सायकल असली तर आपलीही चूक धरून भरपाई कापली जाऊ शकते. आणि जीव वाचतो, ते वेगळेच.

तेव्हा नंबर, केसपेपर आणि फिर्याद, ही तीन गोष्टींची गाठ पदराला बांधा. पुढचं कायदा करील.