न मिळालेले मागणे

घाटनांदूरकरांना दुष्काळ काय असतो, हे सांगावयास नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले. १८८२ साली पटकीने पती गेले. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. पण म्हणून दुःखे थांबली नाहीत. केडगावचे मुक्ती मिशन जिच्या हाती सोपवायचे, ती एकुलती मनोरमा १९२१ मध्ये वारली. तरी बाईंनी बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले, तेव्हा ते पुरे झाले होते.

आमच्याही घरी आजारपण आले. आम्ही प्रभूजवळ एकच मागणे मागितले. ते मिळाले नाही. पुष्कळ दिवस आम्ही रुसलो. मग उमगले, श्रद्धा ही संकट टळण्याची हमी नव्हे; रडत रडत का होईना, हातचे काम पुढे नेण्याचे ते बळ आहे.