ग्रामसभा आणि आपली गैरहजेरी

(गावच्या शाळेत जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



आज मी कथापुराण सांगण्यास उभा नाही. तुमच्याच पैशाची कथा सांगणार आहे. घरपट्टी व पाणीपट्टी तुम्ही भरता. मग तो पैसा कोठे गेला, हे विचारण्यास संकोच का?

१९५८ चा ग्रामपंचायत कायदा काय म्हणतो ते ऐका. पंचायत म्हणजे आपण निवडलेले पंच. ग्रामसभा म्हणजे मतदारयादीत नाव असलेले आपण सर्व. पंचायतीची सभा दर महिन्यास आणि ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरलीच पाहिजे. सबळ कारणावाचून ती न भरविणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. ग्रामसभेची नोटीस सात दिवस अगोदर लागावी, दवंडी पिटावी आणि त्याआधी बायकांची निराळी सभा व्हावी. विकासाच्या योजनेवर खर्च करण्यापूर्वी ग्रामसभेची मंजुरी लागते. म्हणजे धनी कोण? आपण!

पण धनी घरी झोपला तर गडी काय करणार? सभेस शेकडा १५ मतदार किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर पाहिजेत. ६०० मतदारांच्या गावी ९० माणसे पुरतात. तेवढी न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस ही अट उरत नाही. खरी मेख येथे आहे! एका गावी मी हे डोळ्यांनी पाहिले. पहिल्या दिवशी पंधरावीस माणसे आली. पुढच्या तारखेस दहाबारा. त्यांनी रस्ता आपल्या आळीस नेला. कुंभारवाडा व महारवाडा आजही चिखल तुडवितो आहे. दोष त्या दहांचा खराच. पण घरी बसलेल्यांचाही नाही काय?

जोतिराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी १००० रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत एकट्या जोतिरावांनी विरुद्ध मत दिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा, असे त्यांचे म्हणणे. ठराव त्यांना अडविता आला नाही. पण रयतेच्या पैशावर बोलणारा एक तरी सभेत होता, हे दप्तरी राहिले. त्यांच्यापुढे व्हाइसरॉय होता; आपल्यापुढे तर आपल्याच गावचा सरपंच आहे!

तेव्हा तीन गोष्टी करा. नोटीस वाचा, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. आपला प्रश्न कागदावर लिहून द्या व पोच घ्या. आणि ठराव वाचून दाखविल्याखेरीज कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा मुळीच करू नका. बायकांनी तर अवश्य यावे. पाण्याचा हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.

एक दिवसाची मजुरी बुडेल, हे मी जाणतो. पण तो एक दिवस वाचविण्यापायी वर्षभराचे पाणी, रस्ता व शाळा दुसऱ्याच्या हाती देऊ नका, एवढीच माझी विनंती आहे.