निवडून आणायचं की पाडायचं?



निवडणूक जवळ आली की आपल्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न निघतो तो 'यंदा कुणाला पाडायचं?' हा. निवडून कुणाला आणायचं, हे दुसऱ्या कपाला ठरतं. शहाणी माणसं याला नाक मुरडतात. मत कसं उमेदवाराचे गुण पाहून द्यावं, रागानं देऊ नये, असं आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकापासून ऐकत आलो. मला हा उपदेश अर्धवट वाटतो. आज आपण ज्या राज्यात बसलो आहोत, ते राज्य होण्यात पाडणाऱ्या मतांचा मोठा वाटा आहे.

१९५७ सालचं पुणं आठवा. लोकसभेला काँग्रेसचे उमेदवार होते काकासाहेब गाडगीळ. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेला माणूस, नेहरूंच्या मंत्रिमंडळात बसलेला, विद्वान, हजरजबाबी. आणि गंमत अशी, की संयुक्त महाराष्ट्राची बाजू लोकसभेत त्यांनी स्वतः जोरात मांडली होती. म्हणजे माणूस चांगला, मतही आपल्याच बाजूचं, अडचण फक्त पक्षाची. मुंबईचा प्रश्न चिघळवला त्या पक्षाच्या श्रेष्ठींनी, आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच पक्षाच्या राजवटीत. पुणेकरांनी काकासाहेबांना पाडलं आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या ना. ग. गोऱ्यांना दिल्लीला पाठवलं. गोरेही काही सामान्य गृहस्थ नव्हते, पण ती निवडणूक गोरे आणि गाडगीळ यांच्या गुणांची तुलना करण्यासाठी झालीच नाही.

आता समितीत कोण होतं ते पाहा. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ आणि हिंदुमहासभा. यांना एरवी एका मांडवाखाली आणणं लग्नाच्या निमित्तानंही जमलं नसतं. कम्युनिस्टांना मत द्यायचं म्हटल्यावर ज्यांच्या कपाळावर आठ्या येत, अशांनी त्यांना मत दिलं. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. द्वैभाषिक मुंबई राज्याची सत्ता काँग्रेसकडेच राहिली खरी, पण निरोप दिल्लीला पोचला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. त्यानंतर १९६२ ची निवडणूक आली आणि त्याच मराठी मतदारानं काँग्रेसला विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा दिल्या. पुण्याची लोकसभेची जागाही काँग्रेसकडे परतली.

काही जण याला मतदाराचा कृतघ्नपणा म्हणतात. मी शहाणपण म्हणतो. मतदारानं समितीला संसार मांडून दिला नव्हता, एक काम सांगितलं होतं. काम झालं, हिशेब मिटला. विरोधाचं मत किमतीचं ठरतं ते अशा वेळी, जेव्हा पाडणाऱ्याला नेमकं काय थांबवायचं आहे हे एका वाक्यात सांगता येतं.

पाडायचं तर त्याला गणितही लागतं. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, निम्म्याहून जास्त मिळायला हवीत अशी अट नाही. त्यामुळे विरोधाची मतं चार जणांत वाटली गेली, तर ज्याला पाडायचं तोच गुलाल उधळतो. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील उभे होते. मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणून त्यांची ख्याती. समोर कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस. जॉर्ज यांच्या प्रचाराचा गाभा फार साधा होता: पाटलांनाही पाडता येतं, आणि ते तुमच्या हातात आहे. त्या एका विश्वासावर विखुरलेली नाराजी एका ठिकाणी गोळा झाली आणि पाटील पडले.

पण अशा मताला एक मोठा दोष आहे, आणि तो पाहायला मी तुम्हाला फ्रान्सला नेतो. तिथं अध्यक्षाची निवडणूक दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर दुसऱ्या फेरीत पहिले दोघेच उरतात. २१ एप्रिल २००२ च्या पहिल्या फेरीत तब्बल १६ उमेदवार होते. डाव्यांची मतं फुटली, समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ तिसऱ्या क्रमांकावर गेले, आणि अंतिम लढत जाक शिराक विरुद्ध कडव्या उजव्या पक्षाचे जाँ-मारी ल पेन अशी झाली. शिराक यांना पहिल्या फेरीत २० टक्केही मतं नव्हती आणि पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातल्या गैरव्यवहाराचे आरोप डोक्यावर होते. तरी डावे मतदार नाकाला चिमटा लावून त्यांना मत द्यायला निघाले. ५ मे रोजी शिराक ८२ टक्के मतं मिळवून जिंकले.

पुढे काय झालं? शिराक यांनी ती मतं आपलीच मानली. सरकार आपल्याच बाजूच्या लोकांचं केलं, आणि पुढच्याच वर्षी निवृत्तिवेतनाच्या बदलांविरुद्ध तेच डावे मतदार रस्त्यावर संप करत उभे राहिले. ज्यांच्या मतांनी ८२ चा आकडा झाला, त्यांना कुणी विचारलं नाही, कारण मत देताना त्यांनीही शिराकांकडून काही कबूल करून घेतलं नव्हतं. आणि औषधाची मात्राही दर वेळी कमी लागू पडत गेली. २०१७ च्या दुसऱ्या फेरीत ल पेन यांच्या कन्येविरुद्ध उभ्या असलेल्या माक्राँ यांना ६६ टक्के मतं मिळाली, २०२२ मध्ये साडेअठ्ठावन्न.

मत का दिलं, हे आपल्या मतयंत्रातही उमटत नाही. बटण दाबलं की शेजारच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव, चिन्ह. 'का' याला रकाना नाही. विजयी उमेदवार संध्याकाळी मिरवणुकीत म्हणतो, जनतेनं माझ्या कामावर शिक्कामोर्तब केलं. त्याला खोटं ठरवायला आपल्याकडे कागद नसतो.

मग 'नोटा', म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही', दाबावं का? सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो हक्क दिला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा'ला २७ हजारांहून जास्त मतं पडली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. निकाल मात्र तसूभरही बदलला नाही, कारण विधानसभेला आणि लोकसभेला 'नोटा' पहिलं आलं तरी त्याच्याखालचा उमेदवारच निवडून येतो. सगळेच सारखे नालायक वाटत असतील तर खुशाल दाबा. पण एकाला थांबवणं खरोखर गरजेचं वाटत असेल, तर 'नोटा' म्हणजे काठावर बसून 'अरेरे' म्हणणं.

मी स्वतः ठरवताना एवढंच पाहतो, की हा माणूस किंवा हा पक्ष आला तर होणारं नुकसान पाच वर्षांनी दुरुस्त करता येईल का? रस्ता खराब झाला, नवा करता येतो. कर वाढले, कमी करता येतात. अशा ठिकाणी मी विरोधाचा विचार बाजूला ठेवतो आणि त्यातल्या त्यात बऱ्या उमेदवाराला मत देतो. पण पुढची निवडणूक मोकळेपणी होईल की नाही, इतका प्रश्न गंभीर असेल, तर उमेदवाराचे गुणदोष चाळत बसायला वेळ नसतो. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीची गोष्ट तीच होती. जनता पक्षाचं सरकार भांडणांत कोसळलं, १९८० मध्ये इंदिराबाई दणक्यात परत आल्या, म्हणून ते मत वाया गेलं असं पुष्कळ जण सांगतात. त्यांना सांगा, त्या मतांतून १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती झाली. 'अंतर्गत अशांतता' या सबबीवर आणीबाणी लादण्याची वाट तिनं बंद केली, त्याऐवजी 'सशस्त्र उठाव' ही अट घातली. सरकार गेलं, दुरुस्ती अजून घटनेत आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला कुणी दारात येऊन 'याला पाडा' म्हणालं, तर त्याला हाकलू नका, आत बोलवा. पाडून काय थांबणार आहे, हे विचारा. आणि ज्याला निवडून आणायला सांगतोय, त्याच्याकडून तेवढं एक लिहून आणायला सांगा. उमेदवारी अर्जासोबत गुन्हे आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र तो देतोच, त्यात हा एक कागद काही जड नाही. तुमचा उमेदवार जिंकला तर महिन्याभरात त्याला पत्र टाका: माझं मत तुम्हाला नव्हतं, या कामाला होतं. एका गल्लीतून अशी पन्नास पत्रं गेली, तर पुढच्या मिरवणुकीतलं भाषण थोडं जपून होईल.