आयत्या वेळचे विषय



कामगार संघटनेच्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखादा विषय घेणार अशी सर्वांचीच समजूत असते. मी संगीताचा विषय कळविला, आणि तोही ज्याला पुष्कळ लोक संगीत म्हणायलाच तयार नाहीत अशा संगीताचा, तेव्हा संयोजकांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. माझे या विषयातले शिक्षण कोणत्याही शाळेत झालेले नाही. जुन्या तबकड्या, ध्वनिफिती आणि आता मोबाईल यांवर जे मिळाले ते ऐकत गेलो. एखादे पुस्तक हाती लागले तर शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. तेव्हा शास्त्रचर्चेची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नये.

आपल्यापैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या संस्थेचे सभासद असतील. पतपेढी असेल, देवस्थान असेल, ग्रामविकास मंडळ असेल. सभेच्या विषयपत्रिकेत शेवटचे कलम ठरलेले असते : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. माझा अनुभव असा की, खरी सभा पुष्कळदा तिथूनच सुरू होते. आता अशी कल्पना करा की, वरची सगळी कलमे खोडून टाकली आहेत, फक्त हे शेवटचे उरले आहे आणि परवानगी देणारा अध्यक्षही नाही. अशा सभेसारखे एक संगीत आहे. इंग्रजीत त्याला ‘फ्री इम्प्रोव्हायझेशन’ म्हणतात. आपल्या गवयांकडे ‘उपज’ हा सुरेख शब्द आहे. आपण त्याला मुक्त उपज म्हणू.

या संगीताची एक ठळक तारीख सांगता येते. २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये ऑर्नेट कोलमन नावाच्या सॅक्सोफोनवादकाने आठ वादक एकत्र बसवले आणि सुमारे सदतीस मिनिटांचे एकच अखंड वादन ध्वनिमुद्रित केले. ‘फ्री जॅझ’ हे त्या तबकडीचे नाव. पुढे त्या सगळ्या पंथालाच ते नाव पडले. हा कोलमन टेक्सासमधल्या गरीब काळ्या कुटुंबातला. वाद्य तो बव्हंशी आपले आपणच शिकला. लॉस एंजेलिसमध्ये असताना त्याने लिफ्टमनची नोकरी केली, आणि पितळी वाद्य परवडत नव्हते म्हणून पांढऱ्या प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेतला. तो इतरांबरोबर वाजवू लागला की काही वादक मंचावरून उतरून निघून जात.

त्याने असे केले तरी काय, हे समजण्यासाठी जॅझचा सांगाडा थोडक्यात पाहिला पाहिजे. रूढ जॅझमध्ये एखादे माहितीचे गाणे घेतात. त्याच्या खाली स्वरसंगतींची एक मालिका असते, बहुधा ३२ खंडांची. गाणे एकदा वाजवून झाले की ती मालिका आवर्तनासारखी फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आपली उपज करतो. आपल्याकडे तालाचे आवर्तन फिरत असते आणि गवई समेवर येतो, तसाच काहीसा हा प्रकार. कोलमनने ही मालिकाच काढून घेतली. वादकाने कुठे जायचे ते आधी ठरलेले नाही. शेजारचा कुठे गेला ते ऐकून ठरवायचे. पण म्हणून काहीच ठरलेले नव्हते असे समजू नये. कोण कोणामागून पुढे येणार हे ठरलेले होते, आणि मधल्या सांध्यांसाठी छोटे तुकडे बसवलेले होते. सर्वस्वी अनियंत्रित असे त्यात काही नाही. करार होता, मात्र तो कमीत कमी कलमांचा होता.

पहिल्यांदा ऐकताना ही तबकडी आठवड्याच्या बाजारासारखी वाटते. मी सुचवतो ती युक्ती अशी : सगळे एकदम ऐकू नका. आठांपैकी चार वादक डाव्या बाजूच्या कर्ण्यातून ऐकू येतात आणि चार उजव्या. एक बाजू धरा, तिच्यातले एक वाद्य धरा, आणि बाजारात आपल्या माणसाच्या मागे चालावे तसे त्याच्या मागे चालत राहा. पाचएक मिनिटांत असे कळते की, तो एकटा बोलत नाही, कोणाला तरी उत्तर देतो आहे. मग ज्याला तो उत्तर देतो आहे त्याच्याकडे वळा.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला मी शिकवावी असे काही नाही. दशावतार आपण लहानपणापासून पाहतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर या मंडळींची नावे घराघरात माहीत आहेत. जत्रेच्या रात्री आख्यान ठरते, कोण कोणती भूमिका करणार ते ठरते, आणि तोंडाला रंग लावून मंडळी उभी राहतात. लिहिलेली संहिता नाही. राजा काय म्हणेल हे राक्षसाला माहीत नसते. म्हणाला की उत्तर द्यायचे, आणि तेही असे की समोरच्याला पुढे बोलायला जागा राहील. पेटी, पखवाज आणि झांज यांच्यासमोरही कागद नसतो. कोणत्या क्षणी संवाद चढला, कुठे पद सुरू होणार, युद्धाची चाल कधी धरायची, हे त्यांनी नटाच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखायचे. कणकवलीकडची डबलबारी घ्या. एका बुवांनी टाकलेला प्रश्न दुसऱ्या बुवांनी आपल्या बारीत उचलायचा असतो, आणि तो कसा उचलला यावर पहाटेपर्यंत वाद चालतात. अशा श्रोत्यांना कोलमन परका वाटण्याचे कारण स्वरांचे आहे, रीतीचे नाही.

फरक नाही असे मात्र नाही. दशावतारात कथा सर्वांना ठाऊक असते. संवाद भरकटला तरी किनारा दिसतो. आपल्या रागसंगीतातही रागाचे नियम पक्के असतात. परंतु मला त्याहून मोठा वाटणारा फरक दुसराच आहे. आपल्या मैफलीत उपज करण्याचा पहिला हक्क मुख्य कलाकाराचा असतो. तबलजी आणि पेटीवाले हे ‘साथीदार’. पत्रिकेत त्यांचे नाव खाली आणि लहान टाइपात, आणि बिदागीही त्याच मापाची. मुक्त उपजेत साथ हा प्रकारच नाही. ढोल वाजवणारा आज पुढे आणि उद्या मागे, आणि ते त्यानेच ठरवायचे. इंग्लंडात पोलादाच्या कारखान्यांचे शेफील्ड म्हणून गाव आहे. तिथे १९६३ ते १९६६ या काळात डेरेक बेली, टोनी ऑक्सली आणि गॅव्हिन ब्रायर्स हे तिघे एका दारूच्या गुत्त्यावरच्या माडीत जमून हाच प्रयोग करीत होते. बेली हा पोटासाठी नाचगाण्याच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारा कामगारच म्हणायचा. पुढे १९८० साली त्याने या विषयावर पुस्तक लिहिले, आणि त्याची सुरुवात भारतीय संगीतापासून केली.

तुम्ही म्हणाल, यात आपले कोण? आहेत. आमान्सिओ डिसिल्वा हा गोवेकर घरातला गिटारवादक १९३६ साली मुंबईत जन्मला आणि पुढे लंडनला गेला. तिथे त्याला जो हॅरियट भेटला. हा जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक. कोलमनची तबकडी निघण्यापूर्वीच, १९६० च्या अखेरीस, त्याने लंडनमध्ये आपल्या वाटेने ‘फ्री फॉर्म’ हे वादन ध्वनिमुद्रित केले होते. या दोघांनी मिळून १९६९ मध्ये एक तबकडी केली. तिचे नावच ‘हम दोनो’, आणि तिच्यात ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची एक रचना आहे. हॅरियट १९७३ साली पंचेचाळिशीच्या आतच, हलाखीत वारला.

दुसरे नाव शोभा गुर्टू यांचे. बेळगावात १९२५ साली जन्मलेल्या शोभाताईंची ठुमरी आपल्या लोकांनी डोक्यावर घेतली. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबल्यावर वाढले आणि युरोपात जाऊन जॅझवाल्यांत मिसळले. त्यांची १९८८ ची ‘उस्फ्रेट’ ही तबकडी मिळवून ऐका. तिच्यात आईचा आवाज आहे, आणि त्याच तबकडीत ट्रम्पेट वाजवणारा डॉन चेरी आहे. हा तोच डॉन चेरी, जो डिसेंबर १९६० मध्ये त्या आठांत कोलमनच्या बाजूला उभा होता. ठुमरीत एकाच शब्दाचे दहा अर्थ करून दाखवणाऱ्या बाईंना या मंडळींत परके का वाटावे? मुंबईतही १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, आणि सनी रोलिन्ससारखा मोठा वादक तिथे वाजवून गेला.

आधुनिक पाश्चात्त्य अभिजात संगीताविषयी मी थोडक्यातच बोलणार आहे, कारण माझे मन तिथे कमी रमते. जॉन केजने १९५१ मध्ये नाणी उडवून पियानोची रचना ठरवली, आणि पुढच्याच वर्षी वादकाने काहीच न वाजवण्याची चार मिनिटे तेहेतीस सेकंदांची रचना केली. ती पहिल्यांदा सादर करणारा डेव्हिड ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विजेवर चालणारे स्वरयंत्र बसवायला आला होता. तिथे आपल्या लोकांनी केलेली ध्वनिमुद्रणे २०२३ साली प्रसिद्ध झाली. कुतूहल म्हणून ती जरूर ऐकावीत. परंतु नाण्याने ठरवलेला स्वर आणि माणसाने शेजाऱ्याचे ऐकून ठरवलेला स्वर यांत मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो.

आता माझ्या धंद्याचा प्रश्न. आयत्या वेळी आणि चौघांनी मिळून केलेल्या या कामाचा धनी कोण? न्यूयॉर्कच्या मुक्त जॅझवाल्यांनी १९६४ मध्ये बिल डिक्सनच्या पुढाकाराने ‘जॅझ कंपोझर्स गिल्ड’ नावाची संघटना काढली. कोणीही एकट्याने कंपनीशी सौदा करायचा नाही, जे काही होईल ते सर्वांच्या विचाराने, असा बेत होता. वर्षभरात ती मोडली. काही सभासदांची कंपन्यांशी स्वतंत्र बोलणी सुरू झाली आणि संशय वाढला. ज्याने संप चालवला आहे त्याला यात नवे काही नाही. याउलट १९६५ मध्ये शिकागोत काळ्या वादकांनी काढलेली ‘ए. ए. सी. एम.’ ही संस्था आजही चालू आहे. तिने सौद्यापासून सुरुवात केली नाही. आपले जलसे आपणच भरवायचे आणि मोहल्ल्यातल्या मुलांना फुकट शिकवायचे, हे तिने अंगावर घेतले. इंग्लंडच्या कॉर्नेलियस कार्ड्यूने शिकलेले-न शिकलेले सगळे घेऊन १९६९ मध्ये ‘स्क्रॅच ऑर्केस्ट्रा’ उभा केला, आणि पुढे कट्टर मार्क्सवादी होऊन हे सगळे संगीत कामगारांच्या उपयोगाचे नाही असे ठरवून टाकले. मी त्याच्या बाजूने बोलेन असे तुम्हांला वाटेल. मला त्याचे पटत नाही. कामगाराला फक्त कवायतीची गाणीच कळतात, हे मालकाचे मत आहे. ते आपण कशाला उचलायचे?

आपल्याकडचा कायदा पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांत उतरवलेली कृती, अशी व्याख्या होती. म्हणजे जे कागदावर नाही ते कायद्याच्या दृष्टीने संगीतच नव्हते! १९९४ च्या दुरुस्तीने ती अट गेली आणि सादर करणाऱ्या कलावंताला स्वतःचा हक्क प्रथमच मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराच्या उत्पन्नातला वाटाही सांगितला. पण कागदावरचा हक्क मांडापर्यंत पोचलेला नाही. आज जत्रेत रात्रभर मोबाईल वर धरलेले असतात. सकाळपर्यंत आख्यान इंटरनेटवर जाते, जाहिराती लागतात, आणि चार तास उत्तराला उत्तर देऊन घसा बसलेला नट पहाटे रंग पुसून पुढच्या गावाच्या गाडीत बसतो. स्वतःच्या आठवणीसाठी कोणी चित्रण केले तर तक्रार नाही. पैसे मिळवण्यासाठी करणाऱ्याने मात्र आधी मंडळीशी लेखी करार करावा, आणि त्यात पेटी, पखवाज, झांज धरून सर्वांची नावे आणि वाटे असावेत. मंडळींनी एकएकट्याने नव्हे, एकत्र बसून एकच नमुना ठरवावा. शिकागोचे लोक साठ वर्षे टिकले आहेत. आपल्या मंडळ्या त्याहून कितीतरी जुन्या आहेत.

खारेपाटण हे एके काळचे बंदर. शिलाहार रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट इथलाच. परगावचा माल उतरवून तपासून घेण्याची या गावाला सवय असली पाहिजे. म्हणून मी दोन नमुने बरोबर आणले आहेत. पहिला ‘हम दोनो’मधला, दुसरा शोभाताईंच्या आवाजाचा. ध्वनिक्षेपकवाल्या भाऊंना विनंती की, आवाज फार चढवू नये, आणि दोन्ही कर्णे चालू ठेवावेत.