थकलेला हप्ता, निसटणारा हक्क



परदेशी नोकरीचा विषय निघाला की आपल्याकडे, विशेषतः कोकणातल्या घरांत, आखाताचा हिशोब डोळ्यांपुढे येतो. कमवायचं, घरी पाठवायचं, परतताना ग्रॅच्युइटी घ्यायची. परदेशी कामगाराला तिथे सहसा पेन्शन नसतंच. आता आपली मुलं-मुली जपानलाही निघाली आहेत. माझ्या सॉफ्टवेअर क्षेत्रात तर बरीच. तिथला हिशोब वेगळा आहे.

जपानमध्ये राहणाऱ्या २० ते ५९ वयाच्या माणसाला, तो कुठल्याही देशाचा असो, राष्ट्रीय पेन्शन योजनेत यावं लागतं. पूर्वी असं नव्हतं. १९५९च्या कायद्यात नागरिकत्वाची अट होती. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले कोरियन लोक योजनेबाहेर राहिले. जपानने निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आणि १९८२मध्ये ती अट गेली. तोवर ज्यांचं वय उलटलं होतं, ते अनेक जण पेन्शनविनाच म्हातारे झाले. आपल्याला आयता मिळालेला हक्क असा उशिरा आलेला आहे.

कंपनीत असताना पगारातून ९.१५ टक्के कापले जातात आणि तेवढेच कंपनी घालते. खंड पडतो तो नोकरी सुटल्यावर. १४ दिवसांत नगरपालिकेत जाऊन राष्ट्रीय योजनेत नोंद करायची असते, ती राहून जाते. नवऱ्याच्या नोकरीवर बायकोची नोंद असेल, तर त्याची नोकरी सुटताच तिचाही वेगळा हप्ता सुरू होतो. २०२५च्या आर्थिक वर्षात तो माणशी महिन्याला १७,५१० येन होता. भगिनींनो, तुमच्या नावाच्या नोंदीची चौकशी तुम्ही स्वतः करा.

थकलेला हप्ता मागाहून भरता येतो, पण फक्त दोन वर्षांच्या आत. त्यानंतर पैसे हातात असले तरी ते महिने कायमचे जातात. मात्र उत्पन्न नसताना रीतसर अर्ज करून माफी मिळवली असेल, तर ती रक्कम दहा वर्षांपर्यंत भरता येते. उशीर झाला तर थोडी जादा रक्कम लागते, एवढंच. म्हणून पैसे नसतील तेव्हा गप्प बसू नका, अर्ज करा. न भरणं आणि माफी घेणं यात फार मोठा फरक आहे.

तो फरक म्हातारपणीच कळतो असं नाही. याच योजनेत अपंगत्वाचं पेन्शनही आहे. त्यासाठी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेलात त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचा हिशोब पाहतात. अपघातानंतर धावत जाऊन भरलेला हप्ता तिथे धरत नाहीत. माफीचे महिने मात्र धरतात. कायम वास्तव्याचा परवाना मागतानाही हप्ते भरले का आणि वेळेवर भरले का, हे तपासतात.

देश सोडताना आणखी एक वळण येतं. परतल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर भरलेल्यापैकी काही रक्कम एकदम मिळते. घरबांधणी, बहिणीचं लग्न असं काही समोर असलं की मोह होतोच. पण ती रक्कम घेतली की त्याआधीची सगळी वर्षं नोंदीतून पुसली जातात. पेन्शनसाठी किमान दहा वर्षं लागतात. २०१७पूर्वी पंचवीस लागत. भारत आणि जपान यांचा सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६पासून लागू आहे. त्यामुळे किमान मुदत मोजताना दोन्ही देशांतला काळ जोडता येतो. तिकडची सहा आणि इकडच्या भविष्य निर्वाह निधीतली चार वर्षं मिळून दहा होऊ शकतात. पुसलेली वर्षं मात्र जोडता येत नाहीत. रक्कम जरूर घ्या, पण हा हिशोब मांडून घ्या.

जपानमध्ये दरवर्षी तुमच्या जन्ममहिन्यात पेन्शनच्या नोंदीचं पत्र पोस्टाने येतं. जपानी वाचता येत नाही म्हणून ते बाजूला टाकू नका. कोणाकडून तरी वाचून घ्या आणि महिने मोजा. एखादा कमी दिसला तर त्याच आठवड्यात पेन्शन कार्यालय गाठा. हक्क मागायला आपण नेहमी तयार असतो. त्याची नोंद जपणं हेही नागरिकाचंच काम आहे, मग देश कुठलाही असो.