चौदाव्या वर्षीं काय वाचावें?



चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या हातीं कोणतीं पुस्तकें द्यावींत, असें मजसारख्या सेवानिवृत्त शिक्षकास पालक नेहमीं विचारतात. आणि त्यांच्या प्रश्नांत उत्तर बहुधा अगोदरच ठरलेलें असतें. 'पुस्तक थोर खरें, पण मोठेपणीं वाचूं दे.' हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरीविषयीं मीं हें वाक्य इतक्या वेळां ऐकलें आहे, कीं आज तिचेंच उदाहरण घेऊन बोलणार आहें.

ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून १८९० पासून क्रमशः येऊं लागली. हरिभाऊंचें वय तेव्हां अवघें सव्वीस. यमुना आपली हकीकत स्वतःच सांगते: माहेर, लहानपणींचें लग्न, सासर, मुंबईंतले थोडे सुखाचे दिवस, पतीचा मृत्यु आणि मग जबरीनें झालेलें केशवपन. तीं पानें वाचवत नाहींत, हें खरें. पालक भितात तेंहि त्यांनाच.

परंतु तो काळ कोणता होता? कादंबरी छापली जात असतांनाच, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा झाला. त्यानें मुलीचें संमतिवय दहावरून बारावर नेलें. दहावरून बारा! आणि तेवढ्यावरून पुण्यांत केवढें रण माजलें! मुलीच्या लग्नाचें वय निदान चौदा असावें, असें ठरविणारा सारडा कायदा होण्यास १९२९ साल उजाडावें लागलें. म्हणजे जें चौदा वर्षांच्या मुलीनें वाचूंहि नये असें आपण म्हणतों, तें त्याहून लहान मुली भोगीत होत्या. ज्यांच्या दुःखासाठीं पुस्तक लिहिलें गेलें, त्यांच्याच वयाच्या मुलींपासून तें लपवावयाचें, हा न्याय मला तरी उमगत नाहीं.

नववींतील एका मुलीच्या वडिलांनीं हें पुस्तक मजकडे परत आणून दिलें. मुलगी रात्रीं रडते, म्हणाले. चार दिवसांनीं ती मुलगी स्वतःच आली. आपल्या घरांत असें कोणी होतें काय, असें तिनें आजीला विचारलें होतें. होती, आजीची थोरली आत्या. लाल आलवणांत, माजघराच्या कोपऱ्यांत तिनें जन्म काढला, आणि तिचें नांव त्या घरांत कित्येक वर्षांत कोणीं उच्चारलें नव्हतें. मुलीला आतां उरलेलीं पानें हवीं होतीं. 'वडिलांचें काय?' मीं विचारलें. 'आजी बघेल,' ती म्हणाली. मीं पुस्तक दिलें. ती रडली यांत कांहीं वाईट झालें, असें मला वाटत नाहीं.

कित्येक जण तडजोड सुचवितात, कीं काटछाट केलेली आवृत्ति द्यावी. युक्ति जुनी आहे. इंग्लंडांत १८०७ या एकाच सालीं लँब भावंडांनीं शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी लिहून प्रसिद्ध केल्या, आणि बाउडलर घराण्यानें कुटुंबांत वाचण्याजोगा म्हणून छाटलेला शेक्सपिअरहि काढला. लँब भावंडांनीं मूळ नाटकांकडे जाणारी पायवाट घातली; बाउडलरांनीं नाटकांनाच कात्री लावली, आणि त्यांचें नांव इंग्रजींत थट्टेचा शब्द होऊन बसलें. यमूच्या गोष्टींतून केशवपन काढा. मागें भातुकली उरेल.

मोकळीक म्हणजे सक्ति नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. सोसवेना किंवा कंटाळा आला, तर पुस्तक मिटण्याची मुभा मुलांस असावी. मात्र घरांत कोणीतरी तें वाचलेलें असावें. बहुतेक घरांत अडचण येथेंच आहे. मुलांच्या हातांतील मोबाइलवर काय चालतें याची चौकशी नसते, आणि ज्या कादंबरीवर पहारा असतो ती पहारेकऱ्यानेंच वाचलेली नसते!

येत्या सुटींत रोज रात्रीं जेवणें झाल्यावर तिचें एकेक प्रकरण मोठ्यानें वाचून पाहा. सव्वाशें वर्षांपूर्वींची मराठी मुलांस जेथें अडेल, तेथें आजी-आजोबांस हांक मारावी. आणि ते वाचतां वाचतां मध्येंच थांबले, तर घाई करूं नये.