दुकानाची न दिसणारी पायरी

ऑस्ट्रेलियांतील सिडने शहरीं २००० सालच्या सप्टेंबर महिन्यांत ऑलिंपिक सामने भरले. सामन्यांचें वेळापत्रक, निकाल, निरनिराळ्या खेळांची माहिती हें सर्व संयोजक समितीनें आपल्या संकेतस्थळावर मांडलें होतें. जगाच्या पाठीवरील कोणाही क्रीडाप्रेमी माणसास तें घरबसल्या पाहतां यावें, अशी ती योजना होती. परंतु त्याच देशांतील एका अंध नागरिकास मात्र तें वाचतां येईना. हा गृहस्थ संगणकाला अपरिचित होता असें नव्हे. ब्रेलचीं टिंबें बोटांखालीं उमटविणारें यंत्र त्यानें आपल्या संगणकास जोडलेलें होतें, आणि त्यावर तो सराईतपणें वाचीत असे. त्याच्या अडचणी तीनच होत्या. संकेतस्थळावरील चित्रांना शब्दांत वर्णन दिलेलें नव्हतें; वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या अनुक्रमणिकेकडे त्याला जातां येत नव्हतें; आणि निकालांचीं कोष्टकें त्याच्या यंत्राला उलगडत नव्हतीं. सामन्यांच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९९९ सालीं, त्यानें तेथील मानवी हक्क आयोगाकडे तक्रार गुदरली.

समितीचा बचाव ऐकण्यासारखा होता. एवढीं पानें सुधारावयाचीं तर एका माणसाला वर्षाहून अधिक काळ बसावें लागेल व २० लक्ष डॉलरांहून अधिक खर्च येईल, असें तिचें म्हणणें पडलें. तक्रारदाराच्या बाजूनें आलेल्या तज्ज्ञांनीं तेंच काम कांहीं आठवड्यांचें असल्याचें सांगितलें. आयोगानें ऑगस्ट २००० मध्यें निर्णय दिला तो तक्रारदाराच्या बाजूनें, आणि सामने सुरू होण्याच्या दिवसापर्यंत, म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत, संकेतस्थळ दुरुस्त करावें असें फर्माविलें. समितीकडून तें पूर्णपणें झालें नाहीं. तेव्हां तक्रारदारास २०,००० डॉलर भरपाई देण्याचा हुकूम झाला. अशा विषयावरील जगांतील अगदीं आरंभींच्या निवाड्यांपैकीं हा एक होय. खर्चाचा बाऊ मोठा आणि काम त्या मानानें लहान, हें त्या खटल्यांत प्रथम उघड झालें. आणि आज पंचवीस वर्षांनंतरही दुकानदारांच्या तोंडीं तोच बाऊ ऐकूं येतो.

अंध मनुष्य संकेतस्थळ वाचतो म्हणजे नेमकें काय करतो, हें नभोवाणीच्या श्रोत्यांस सांगणें फारसें कठीण नाहीं. क्रिकेटच्या सामन्याचें धावतें वर्णन ऐकतांना श्रोत्याला मैदान दिसत नसतें. निवेदक जें बोलेल तेवढेंच त्याचें मैदान. निवेदकानें धावसंख्या सांगितली नाहीं, तर ती फलकावर कितीही मोठ्या आंकड्यांत लिहिलेली असो, श्रोत्यापुरती ती नाहींच. 'स्क्रीन रीडर' या नांवाची जी आज्ञावली अंध लोक संगणकावर वापरतात, ती असाच एक निवेदक आहे. संकेतस्थळाच्या पोटांत जो मजकूर शब्दरूपानें असेल तो ती मोठ्यानें वाचते. वर्णन नसलेल्या चित्रापाशीं आली कीं ती एक तर 'चित्र' एवढेंच म्हणून पुढें जाते, नाहीं तर त्या चित्राला कॅमेऱ्यानें दिलेला क्रमांक अक्षरांसकट म्हणून दाखविते.

पैठणी विकणाऱ्या एखाद्या दुकानाची कल्पना करावी. संकेतस्थळावर चाळीस पैठण्यांचीं चाळीस देखणीं छायाचित्रें. आणि ऐकणाऱ्या स्त्रीच्या कानीं चाळीस वेळां नुसता क्रमांक! बरें, बहिणीला विचारून तिनें एक पैठणी निवडली, तरी पैसे भरण्याच्या जागीं दुसरी अडचण उभीच असते. तेथील बटण फक्त माउसनें दाबतां येतें, कळफलकानें नाहीं. आणि पडद्यावरील बाण कोठें आहे हें ज्याला दिसत नाहीं त्याला माउसचा उपयोग काय? पत्त्याची एखादी चौकट रिकामी राहिली तर ती लाल होते, पण कोणती चौकट चुकली हें शब्दांत कोठेंच लिहिलेलें नसतें. दुकानाच्या दाराशीं उंच पायरी असली तर ती निदान मालकाच्या डोळ्यांस दिसते. ही पायरी त्याला दिसत नाहीं, आणि तिच्यापाशींच थांबून परत गेलेलें गिऱ्हाईकही दिसत नाहीं.

पायरी अडविते ती केवळ अंधांनाच असेंही नाहीं. ज्यांचा हात कांपतो त्यांना बारीक बटणें साधत नाहींत. ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांना अक्षरांची जोड नसलेली चित्रफीत मुकी असते. आणि पांढऱ्यावर फिकट करडीं अक्षरें छापण्याची जी हौस हल्लींच्या सजावटकारांना जडली आहे तिच्या पायीं घरोघरचे आजोबा चष्मा पुसून थकतात.

या सर्वांवरील उपाय आतां कोणाच्या तर्कावर सोंपविलेले नाहींत. वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९९ सालीं त्यांची पहिली नियमावली प्रसिद्ध केली. पुढें २००८, २०१८ व २०२३ या सालीं तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. तिच्यांत ए, डबल ए व ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या आहेत, आणि निरनिराळ्या देशांचे कायदे बहुधा मधल्या पायरीची अपेक्षा करतात. नियम मोजून पाहतां येण्यासारखे आहेत. साध्या मजकुराचें अक्षर व त्यामागील रंग यांच्या उजळपणांत निदान ४.५ ला १ असें प्रमाण हवें, हा त्यांतील एक. तो कळला म्हणजे करड्या अक्षरांबद्दल सजावटकाराशीं वाद घालावा लागत नाहीं. मोजून दाखवितां येतें.

कायद्यांची चाल मात्र देशोदेशीं निराळी. अमेरिकेंत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० सालीं झाला, आणि जगांतील पहिलें संकेतस्थळ लोकांस खुलें झालें तें १९९१ सालीं. सार्वजनिक ठिकाणें म्हणून त्या कायद्यांत दुकानें, उपाहारगृहें, नाट्यगृहें आलीं. संकेतस्थळ येणार कोठून? तेव्हां दुकानाचें संकेतस्थळ हा दुकानाचाच भाग कीं काय, याचा खल न्यायालयांतून वर्षानुवर्षें चालला. टार्गेट या मोठ्या दुकानदार कंपनीवर अंधांच्या राष्ट्रीय संघटनेनें २००६ सालीं दावा लावला. तो २००८ सालीं ६० लक्ष डॉलर देऊन मिटविण्यांत आला. डॉमिनोज कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या आवडीचा पिझ्झा मागवितां येत नाहीं, अशी एका अंध गृहस्थाची फिर्याद होती. अपील न्यायालयानें २०१९ सालीं ती चालविण्याजोगी ठरविली, व त्याच वर्षीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें कंपनीचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला. पिझ्झ्यासाठीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें काय, असें कोणी हंसून विचारील. परंतु ज्याला रोजच्या रोज अशा शंभर दारांवरून परतावें लागतें, त्याला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं.

युरोपांत निवाड्यांची वाट न पाहतां २०१९ सालीं संघराष्ट्रांसाठीं एक निर्देश मंजूर झाला व २८ जून २०२५ पासून तो लागू झाला. बँकांचे व्यवहार, विजेरी पुस्तकें, प्रवासाचीं तिकिटें आणि संकेतस्थळावरील किरकोळ विक्री हीं त्याच्या कक्षेंत येतात. कोल्हापुराहून जर्मनींतील गिऱ्हाइकास थेट माल विकणाऱ्या व्यापाऱ्यानेंही तो वाचून ठेवावा. दहांहून कमी माणसें व २० लक्ष युरोंपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान सेवा-व्यवसायांना त्यांतून सूट आहे. तेव्हां घरगुती मसाले धाडणाऱ्या बाईनें लगेच घाबरून जाण्याचें कारण नाहीं.

भारतांत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालीं संमत झाला. त्याच्या ४६ व्या कलमानें सरकारी व खासगी अशा दोन्ही सेवादात्यांवर, नियम जाहीर झाल्यापासून दोन वर्षांत आपल्या सेवा सुगम्य करण्याचें बंधन घातलें. कायदा मोडल्यास पहिल्या वेळीं १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढें ५०,००० पासून ५ लक्ष रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मग अडलें कोठें? कायदा 'केलेंच पाहिजे' म्हणत होता, आणि त्याखालीं २०१७ सालीं झालेला १५ वा नियम 'केल्यास बरें' अशा धाटणीच्या मार्गदर्शनावर भिस्त ठेवून होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं राजीव रतुरी खटल्यांत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानें या विसंगतीवर बोट ठेवलें, तो नियम मूळ कायद्याशीं विसंगत ठरविला, आणि बंधनकारक अशीं किमान मानकें तीन महिन्यांत आंखावीं असा केंद्र सरकारास आदेश दिला.

दुसरा निकाल अधिक हृदयस्पर्शी आहे. बँकेंत खातें उघडतांना हल्लीं ओळख पटविण्यासाठीं संगणकासमोर डोळ्यांची उघडझांप करून दाखवावी लागते. ॲसिडच्या हल्ल्यांत ज्यांच्या पापण्याच जळून गेल्या त्या स्त्रियांनीं काय करावें? मनुष्य साक्षात् समोर आहे, आणि तो जिवंत असल्याचें यंत्र मान्य करीत नाहीं! प्रज्ञा प्रसून खटल्यांत ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें संगणकीय सेवांपर्यंत पोंचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय असें सांगून वीस निर्देश दिले. त्यांत नियंत्रित संस्थांनीं आपल्या संकेतस्थळांची प्रमाणित तज्ज्ञांकडून वेळोवेळीं तपासणी करून घ्यावी, आणि नवी रचना करतांना ती अंध व्यक्तींकडून वापरून पाहावी, असेंही आहे. त्याच वर्षाच्या जुलैअखेर सेबीनें आपल्या देखरेखीखालील संस्थांसाठीं या विषयाचें परिपत्रक काढलें.

अंध व्यक्तींकडून वापरून पाहावी, हे त्यांतील शब्द महत्त्वाचे. कायद्याच्या धाकानें व्यापारी मदतनीस शोधूं लागतो, आणि बाजारांत दोन प्रकारचे मदतनीस भेटतात. एक सांगतो कीं, संकेतस्थळावर ही एक छोटी आज्ञावली बसवा, कोपऱ्यांत एक निळें चिन्ह दिसेल, आणि सर्व कायदे आपोआप पाळले जातील. अशी ग्वाही देऊन विक्री करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगानें २०२५ सालीं १० लक्ष डॉलर भरावयास लावले. यंत्राला चित्राचें वर्णन आहे कीं नाहीं हें कळतें. तें वर्णन खरें आहे कीं नाहीं, हें कळण्याची खात्री नसते. 'सुंदर साडी' हेंही वर्णनच आहे. पण घेणारीला 'हिरवी पैठणी, जांभळा पदर, पदरावर मोर' असें हवें असतें.

दुसरा मदतनीस आल्याबरोबर माउस बाजूला ठेवतो, आणि दारापासून पैसे भरण्यापर्यंतचा सर्व प्रवास नुसत्या टॅबच्या कळीनें करून पाहतो. मालकास शेजारीं बसवून घेतो. मग पडदा काळा करून स्क्रीन रीडर सुरू करतो. यासाठीं पैसे मोजावे लागतात असेंही नाहीं. एनव्हीडीए ही आज्ञावली विनामूल्य मिळते, आणि २००६ सालीं तिचें काम सुरू झालें तें ऑस्ट्रेलियांतच, दोघां अंध तरुणांच्या हातून. आपलेंच दुकान काळोखांत ऐकतांना पांच मिनिटांत मालकाच्या कपाळीं घाम येतो. त्यानंतर त्याला कायद्याचीं कलमें फारशीं वाचून दाखवावीं लागत नाहींत.

मराठी संकेतस्थळांचें एक दुखणें मात्र खास आपलेंच आहे. किंमतींचीं पत्रकें, हमीपत्रें, अर्जाचे नमुने हे पुष्कळदां युनिकोडपूर्व जुन्या फॉण्टांत टाइप केलेले असतात. पडद्यावर 'क' दिसतो खरा, पण पोटांत कोठलें तरी रोमन अक्षर दडलेलें असतें. स्क्रीन रीडर तें अक्षर वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या वांट्यास निव्वळ गोंगाट येतो. कित्येक ठिकाणीं तर कागदाचा फोटो काढूनच चढविलेला असतो. तेथें वाचावयाला अक्षरच नाहीं. शिवाय पान मराठींत आहे हें पानाच्या रचनेंत नोंदवावें लागतें. ती एक ओळ राहिली तर निवेदक इंग्रजी समजून मराठी वाचूं लागतो. हीं कामें टंकलेखकाचीं आहेत, अभियंत्याचीं नव्हत, आणि म्हणूनच तीं मागें पडतात.

काम कोठून आरंभावें, याला ठराविक उत्तर नाहीं. परंतु जेथें गिऱ्हाईक पैसे भरतें व जेथें तें तक्रार करतें तीं दोन पानें आधीं घ्यावीं, हें व्यवहाराचें. वापरून पाहणाऱ्या अंध व्यक्तीस तिच्या वेळेचा मोबदला द्यावा; तें काम उपकाराचें नव्हे. आणि एकदां तपासून प्रमाणपत्र भिंतीला लावलें म्हणजे झालें, असेंही नाहीं, कारण संकेतस्थळ रोज बदलतें. दिवाळीच्या विक्रीसाठीं माथ्यावर एक रंगीत चित्र चढलें, आणि 'शेंकडा २० सूट' हीं अक्षरें त्या चित्रांतच रंगविलेलीं असलीं, तर स्क्रीन रीडर ऐकणाऱ्या गिऱ्हाइकापुरती ती सूट जाहीरच झालेली नसते. म्हणून जो कारकून चित्र चढवितो त्याच्याकडेच वर्णनाची ओळ लिहिण्याचें काम द्यावें, आणि ती ओळ लिहिल्यावांचून चित्र चढणारच नाहीं, अशी व्यवस्था संगणकावर करून ठेवावी.